वाचकांचे प्रश्न : डीएचसीपीच्या उत्तरातून सर्व्हरवर हुकूम

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या मुख्य शाखेत सेंटओएस ७ चा सर्व्हर आहे. तपासणीच्या अहवालात ‘सीव्हीई-२०१८-११११, कमांड इंजेक्शन, अतिगंभीर’ असा शेरा आला. यम अपडेट चालवलं तर मिररलिस्टचा पत्ता सापडत नाही म्हणते. इंटरनेट तर सुरू आहे. सर्व्हर बंद ठेवावा काय?
— व्यवस्थापक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : बंद ठेवू नका. सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा क्रमांक, आणि कमांड इंजेक्शन म्हणजे बाहेरून आलेल्या मजकुरातून मशीनवर हुकूम चालवणं. दोष तुमच्या मशीनवर खरोखर आहे का, ते आधी पाहा. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६ आणि ७ मधला हा दोष मे २०१८ मध्ये जाहीर झाला आणि दुरुस्तीही तेव्हाच आली. सेंटओएस तिथूनच तयार होत असल्यामुळे त्यातही हा दोष आला. रेड हॅट जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती बसवते, त्यामुळे डीएचक्लायंटचा (नेटवर्ककडून पत्ता मागणाऱ्या प्रोग्रॅमचा) आवृत्तीचा आकडा ४.२.५ च राहतो आणि वरवर तपासणारा स्कॅनर उगाच लाल शेरा मारतो. म्हणून आरपीएमला (पॅकेजं बसवणाऱ्या साधनाला) डीएचक्लायंट पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची यादी, विचारा आणि त्यात ‘२०१८-११११’ शोधा. नोंद दिसली की दुरुस्ती बसलेली आहे. त्या नोंदीची छापील प्रत तपासनिसाला द्या. सेंटओएस ७.९ पूर्ण अपडेट केलेलं असेल तर ही नोंद मिळायलाच हवी.

दोष नेमका कुठे होता, ते समजलं की पुढचे निर्णय सोपे होतात. सर्व्हर डीएचसीपीने, म्हणजे नेटवर्कवर पत्ते आपोआप वाटणाऱ्या पद्धतीने, पत्ता घेतो तेव्हा समोरून पत्त्यासोबत डोमेनचं नाव, वेळेच्या सर्व्हरचा पत्ता असे पर्यायही येतात. नेटवर्क मॅनेजर ते एका शेल स्क्रिप्टच्या (शेल म्हणजे हुकूम वाचून चालवणारा प्रोग्रॅम, स्क्रिप्ट म्हणजे अशा हुकुमांची फाइल) हाती देतो. ७ मध्ये तिचं नाव ‘११-डीएचक्लायंट’. ती ही मूल्यं छापून घेते, ओळ-ओळ वाचते आणि शेवटी इव्हॅलला, म्हणजे मजकूर कमांड म्हणून चालवणाऱ्या हुकमाला, देते. मूल्यात एकेरी अवतरणचिन्ह आलं तर शेल त्याच्याआधी बॅकस्लॅश टाकून ते सुरक्षित करतं. पण ओळ वाचणारी रीड कमांड ‘-आर’शिवाय लिहिली होती, आणि तशी रीड बॅकस्लॅश गिळते. अवतरण मध्येच तुटतं, उरलेला मजकूर कमांड म्हणून चालतो, तोही रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने. दुरुस्ती त्या एका ‘-आर’ची.

म्हणजे हल्ला करणारा तुमच्याच नेटवर्कवर हवा. शाखेत कुणी स्वस्तातला वायफाय राउटर आणून स्विचमध्ये लावला, तोही वॅनऐवजी लॅन पोर्टमधून, की तो पत्ते वाटायला लागतो. तो साधा गोंधळ. पण त्याच जागी खोडसाळ लॅपटॉपही बसू शकतो. फायरवॉलमध्ये ६८ नंबरचा पोर्ट बंद करून निश्चिंत होऊ नका : डीएचक्लायंट रॉ सॉकेटवरून, म्हणजे थेट, पॅकेट उचलतो, आयपीटेबल्सचा (लिनक्सच्या फायरवॉलचा) नियम लागण्याआधीच.

दुरुस्ती बसेपर्यंतचा उपाय म्हणजे सर्व्हरला स्थिर पत्ता. एनएमसीएलआयमध्ये (नेटवर्क मॅनेजरच्या कमांडमध्ये) प्रत्येक जोडणीची पद्धत ‘मॅन्युअल’ आहे का पाहा. न वापरलेलं दुसरं लॅन कार्ड बहुतेक वेळा ‘ऑटो’वर राहतं, केबल लावताच ते पत्ता मागायला लागतं. ते बंदच करा. ती स्क्रिप्ट काढून टाकण्याचाही मार्ग आहे, पण मग डीएचसीपीकडून मिळणारा वेळेचा सर्व्हर लागू होत नाही. घड्याळ सरकलं की व्यवहारांच्या नोंदींच्या वेळा जुळत नाहीत. तसं केलंच तर क्रोनीमध्ये, म्हणजे घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, वेळेचा सर्व्हर हाताने लिहा.

आता यमचं, म्हणजे पॅकेजं उतरवून बसवणाऱ्या साधनाचं. सेंटओएस ७ चा काळ ३० जून २०२४ ला संपला आणि मिररलिस्टचा (पॅकेजं कुठून उतरवायची त्या ठिकाणांच्या यादीचा) पत्ताही त्यानंतर बंद झाला. रेपोच्या (यमला पॅकेजांची ठिकाणं सांगणाऱ्या) फाइलींमध्ये मिररलिस्टची ओळ बंद करून बेसयूआरएल, म्हणजे उतरवण्याचा थेट पत्ता, व्हॉल्टकडे (सेंटओएसच्या जुन्या पॅकेजांच्या साठ्याकडे) वळवा. दुरुस्तीची पॅकेजं तिथे आहेत. लाइन मंद असेल तर दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हने न्या, पण डीएचक्लायंट, डीएचसीपी-कॉमन आणि डीएचसीपी-लिब्स एकाच आवृत्तीची हवीत, नाहीतर आरपीएम अडून बसते. बसवण्याआधी ‘आरपीएम -के’ने सही तपासा. रीबूट लागत नाही, स्क्रिप्ट दरवेळी नव्याने वाचली जाते. २०२४ नंतरच्या दोषांची दुरुस्ती मात्र व्हॉल्टमध्ये येणार नाही, तेव्हा अल्मा किंवा रॉकी या लिनक्सवर जाण्याचा ठराव यंदाच्याच बैठकीत घ्या.

प्रश्न : कोणी आधीच शिरलं असेल तर कसं कळणार?
— त्याच पत्रातून

उत्तर : ‘व्हार-लॉग-मेसेजेस’ या लॉगच्या फाइलीत ‘डीएचसीपीॲक फ्रॉम’ (म्हणजे कुणाकडून पत्ता मिळाला) असलेल्या ओळी काढा. त्यात तुमच्या राउटरशिवाय दुसरा पत्ता दिसला तर संशय घ्या. मग रूटच्या ऑथराइज्ड कीज (पासवर्डशिवाय आत येऊ देणाऱ्या किल्ल्या), क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि शून्य यूआयडी असलेली, म्हणजे रूटइतका अधिकार असलेली, खाती पाहा. ‘आरपीएम -व्हीए’ बसवलेल्या फाइली मूळ पॅकेजशी ताडून पाहतं. त्याच्या उत्तरात तिसऱ्या जागी ५ असलेली ओळ म्हणजे फाइलचा मजकूर बदललेला, कॉन्फिगच्या फाइलींना ते चालतं, प्रोग्रॅमच्या फाइलीला नाही. खरोखर शिरकाव सापडला तर नेटची केबल काढा, वीज तोडू नका, लॉग आणि डिस्कची प्रत घ्या. यूपीएस तेवढा वेळ टिकेल ना, ते आधी बघा. आपल्याकडचं भारनियमन कुणाची वाट पाहत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे, त्यात नमूद घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. रूटपर्यंत पोचलेल्या मशीनची साफसफाई करत बसू नका, ते नव्याने उभं करा.

प्रश्न : आमच्या जिनिंगच्या वजनकाट्याच्या प्रोग्रॅममध्ये गाडी नंबर टाकला की पावती छापते. त्यातही असं होऊ शकतं काय?
— हिंगणघाट (जि. वर्धा)

उत्तर : प्रोग्रॅमवाल्याला एवढंच विचारा : गाडी नंबर छपाईच्या कमांडच्या ओळीत जोडून शेलला देता काय? हो म्हटलं तर ‘एमएच ३२’च्या पुढे अर्धविराम टाकून कोणीही दुसरी कमांड जोडू शकतो. उपाय दोन, आणि दोन्ही हवेत. नंबरच्या खान्यात फक्त अक्षरं, अंक आणि मोकळी जागा घ्यावी. आणि कमांड एका ओळीत न जोडता तिचे भाग वेगवेगळे द्यावेत, म्हणजे शेल मध्ये येतच नाही. प्रोग्रॅम रूटच्या खात्यावर चालत असेल तर तेही बदलायला सांगा. पावती छापायला रूट लागत नाही.