फिनिक्समध्ये नवीन घर घेतलं आहे. मागचं गवत काढून कमी पाण्यावर जगणारी इथलीच झाडं लावायची आहेत. कोणती निवडू?

मी मूळचा सांगोल्याचा, आता अकरा वर्षं अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सशेजारच्या चँडलरमध्ये. दुष्काळी भागात वाढल्यामुळे कमी पाण्याची झाडं आपल्याला कळतात असा माझा समज होता. पण फिनिक्सला वर्षाकाठी पाऊस पडतो साधारण १८० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माणदेशाच्या निम्म्याहूनही कमी. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी एका नर्सरीवाल्याने सुचवलं म्हणून मी शिसू लावला. उत्तर भारतातलं झाड, ओळखीचं वाटलं. पाच वर्षांत त्याच्या मुळांनी अंगणभर फुटवे काढले आणि शेजाऱ्याची फरशी उचलली. तो लावायला आला त्याच्या कितीतरी पट खर्च काढायला आला. म्हणून झाड नुसतं उन्हाला टिकणारं आहे का, एवढंच विचारू नका. ते सोनोरन वाळवंटातलंच, म्हणजे फिनिक्स ज्यात वसलंय त्या वाळवंटातलंच आहे का, हेही विचारा.

या वाळवंटात वर्षातून दोनदा पाऊस येतो: हिवाळ्यात रिमझिम आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये वादळी. या दुसऱ्या पावसाला इथले लोकही मान्सूनच म्हणतात. इथल्या झाडांचं सगळं चक्र या दोन पावसांवर बेतलेलं असतं.

आधी एकच मोठं झाड ठरवा आणि ते घराच्या पश्चिमेला, भिंतीपासून चांगलं लांब लावा. दुपारनंतरचं ऊन अडलं की घर आणि खालची झुडपं दोन्ही वाचतात. माझी पहिली पसंती पालो व्हर्देला. त्याचं खोडच हिरवं असतं, त्यामुळे पाण्याच्या ताणात पानं गाळूनही ते खोडावर अन्न तयार करतं. वसंतात अख्खं झाड पिवळं होतं. 'डेझर्ट म्युझियम' नावाचा बिनकाट्याचा संकर मिळतो. तो निव्वळ रानातला नाही, पण घरात लहान मुलं असतील तर मी तोच घेईन.

दुसरं झाड मेस्किट. आपल्याकडे माळ गिळणारी वेडी बाभूळ याच्याच कुळातली, म्हणून नाव ऐकून बिचकू नका. इथे ते स्वतःच्या घरी आहे. इथले मूळनिवासी ओऽधाम लोक त्याच्या शेंगांचं पीठ पूर्वापार खात आले आहेत. फक्त 'व्हेल्व्हेट मेस्किट'च मागा, कारण नर्सरीत दक्षिण अमेरिकी आणि संकरित जातीही नुसत्या 'मेस्किट' या नावाखाली विकतात. उलट आपलं अंजन गवत, गुरांचा उत्तम चारा, इथे 'बफेलग्रास' म्हणून पसरलं आहे. ते पेटलं की शेकडो सग्वारो निवडुंग जळतात, कारण त्यांना वणव्याची सवयच नाही. ते अंगणात दिसलं तर मुळासकट उपटा.

झुडपांत चुपारोसा जरूर लावा. ती आपल्या अडुळशाची बहीण. लाल नळीसारखी फुलं येतात आणि त्यांवर हमिंगबर्ड येतात. फेअरी डस्टरला बुटक्या शिरीषासारखी गुलाबी फुलं येतात. ब्रिटलबुश पिवळ्या फुलांसाठी. आणि एक तरी क्रिओसोट हवंच. पहिल्या सरीनंतर इथे जो वास सुटतो तो त्याच्या पानांचा. आपल्या मातीच्या वासाहून वेगळा आहे, पण मला आता त्यानेच पाऊस आल्यासारखं वाटतं.

लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. मुळांना धरायला सात-आठ महिने मिळतात. खड्डा खोल नको, रुंद हवा, आणि त्यात शेणखत-कंपोस्ट घालू नका. खाली चुनखडीचा कडक थर लागला तर तो फोडावा लागतो, नाहीतर पाणी मुळाशी साचून राहतं.

'कमी पाण्याचं' म्हणजे 'बिनपाण्याचं' नव्हे. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. इथला साधा हिशेब असा: फुलझाडांना एक फूट, झुडपांना दोन फूट आणि झाडांना तीन फूट खोल ओल जायला हवी. पाणी दिल्यावर लोखंडी सळई खुपसून बघा. ओल असेल तिथपर्यंतच ती सहज जाते. रोज थोडंथोडं पाणी दिलं तर मुळं वरच राहतात आणि मान्सूनच्या वादळात मेस्किट उन्मळून पडतं. माझ्या गल्लीत पडलेली बहुतेक मेस्किट अशीच होती. मूळ धरलेल्या झाडाला उन्हाळ्यात एक ते तीन आठवड्यांतून एकदा भरपूर पाणी पुरतं. ठिबकच्या नळ्या बुंध्याशी ठेवू नका. झाड वाढेल तशा बाहेर सरकवत न्या.

गवताला हात लावण्याआधी शहराच्या पाणी विभागाकडे चौकशी करा. काही शहरं गवत काढायला पैसे देतात, पण अर्ज आधी करावा लागतो. तुमचं गवत बहुधा 'बर्म्युडा' असेल, म्हणजे आपली हरळीच. ती किती चिवट असते ते शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. हिवाळ्यात पिवळी पडली म्हणून मेली समजू नका. उन्हाळ्यात हिरवी असतानाच खणून काढा आणि नंतर वर्षभर फुटवे वेचत राहा.

तुळस, मोगरा, कढीपत्ता यांचा नाद सोडायची गरज नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी, सावलीत, कुंड्यांमध्ये लावा. मी तिथेच एका कुंडीत थोडी हरळीही राखली आहे. गणपतीला दूर्वा तिथूनच खुडतो.