गाडीत दोष नाही, मग मन का रमत नाही?

प्रश्न : मी पिंपरी-चिंचवडमध्ये वाहनांच्या चाचणी विभागात काम करतो. गाडीतला आवाज आणि कंप मोजणे व तो कमी करणे, हेच गेली नऊ वर्षे माझे काम आहे. मागच्या वर्षी कामानिमित्त जर्मनीत असताना सहकाऱ्यांनी मिळून एका दिवसासाठी भाड्याने घेतलेली, सहाशेच्या आसपास अश्वशक्तीची एक नामांकित स्पोर्ट्स कार मला दोन तास चालवायला मिळाली. नाव ठेवावे असे तिच्यात काही सापडले नाही, पण उतरल्यावर कोणाला सांगावे असेही काही हाती लागले नाही. परत आल्यावर वडिलांची पंधरा वर्षांची हॅचबॅक घेऊन ताम्हिणी घाटाने माणगावला गेलो, तर त्या रस्त्यावरची कितीतरी वळणे अजून आठवतात. हे माझे अज्ञान आहे, की तांत्रिकदृष्ट्या उत्कृष्ट गाडी खरोखरच नीरस असू शकते? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : असू शकते, आणि आपल्या अनुभवात अज्ञानाचा भाग मला दिसत नाही. उलट, कंप कमी करणे म्हणजे सुधारणा असे ज्यांना नऊ वर्षे शिकवले गेले आहे, त्यांनाच हा प्रश्न पडावा, हे मला फार मोलाचे वाटते.

या वादाचे अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे २०११ साली विक्रीला आलेली मॅक्लारेन एमपी४-१२सी. तिचा मूळ सांगाडा कार्बन फायबरचा, एकसंध, आणि वजनाला साधारण ७५ किलो होता. वळणावर गाडी कलू नये म्हणून बहुतेक गाड्यांत डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अँटी-रोल बार असतो. तो काढून टाकून मॅक्लारेनने चारही चाकांचे डँपर (धक्के शोषणारे भाग) तेलाच्या दाबाने एकमेकांना जोडले होते, त्यामुळे खराब रस्त्यावर मऊ आणि वळणावर ताठ असे दोन्ही गुण एकाच गाडीत आले. ३.८ लिटरचे, दोन टर्बोचे, ६०० अश्वशक्तीचे इंजिन आणि सात गिअरांचा ड्युअल-क्लच गिअरबॉक्स, म्हणजे क्लचच्या पेडलाशिवाय गाडीच गिअर बदलते अशी व्यवस्था होती. तिच्या समोर उभी होती फेरारी ४५८ इटालिया, जिचे ४.५ लिटरचे टर्बोविरहित इंजिन ५७० अश्वशक्ती देत असे, आणि तीही थेट मिनिटाला ९००० फेऱ्यांवर. कागदावर मॅक्लारेनचे पारडे जड होते. तरीही दोन्ही गाड्या चालवून पाहणाऱ्या अनेक परीक्षकांनी बुद्धीचा कौल मॅक्लारेनला आणि मनाचा कौल फेरारीला दिला. मॅक्लारेनने ही टीका कानाआड केली नाही, हे नोंदवले पाहिजे. २०१२ साली कंपनीने शक्ती ६२५ पर्यंत नेली, गिअर अधिक चपळ केले आणि इंजिनाचा आवाज केबिनमध्ये किती यावा हे चालकाला ठरवता येईल अशी सोय केली. ज्यांनी गाडी आधीच घेतली होती, त्यांनाही या सुधारणा विनामूल्य देऊ केल्या.

आता प्रश्न असा की, नेमके काय कमी पडते? ‘गाडीला आत्मा नाही’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यातून आपल्यासारख्या अभियंत्याच्या हाती काही लागत नाही. मला वाटते, जे हरवते ते मोजण्याजोगे आणि समजावून सांगण्याजोगे असते. फक्त ते मोजण्याच्या यादीत कोणी लिहिलेले नसते.

स्टिअरिंगचे पाहा. टायर रस्त्याला टेकतो तो भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. वळताना त्यावर येणारा आडवा जोर बरोबर मध्यावर पडत नाही, किंचित मागे पडतो, आणि म्हणून चाक सतत सरळ होऊ पाहते. हाच ताण स्टिअरिंगमधून हाताला जाणवतो. वेग वाढत गेला की टायरची पकड संपण्याच्या थोडे आधी तो जोर मध्याकडे सरकतो, ताण कमी होतो आणि स्टिअरिंग हलके पडते. याचा अर्थ, पुढची चाके घसरण्यापूर्वी रस्ता चालकाच्या हाताला सूचना देतो. ही सूचना फार बारीक असते, आणि तिच्यासोबत खड्ड्यांचे हादरे, डांबराचा खरखरीतपणा असे पुष्कळ काही हातापर्यंत येते. आपल्या विभागाच्या भाषेत हा सगळा नको असलेला कंपच. तो गाळताना कामाची सूचनाही गाळली जाते, आणि चालकाच्या हाती एक गुळगुळीत, अचूक, पण मुके चाक उरते.

विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगवर याचमुळे इतका गदारोळ झाला. पोर्शच्या ९११ मालिकेत २०११ साली नवी ९९१ पिढी आली तेव्हा तेलाच्या दाबावरचे स्टिअरिंग जाऊन विजेचे आले. कारण रास्त होते : तेलाचा पंप इंजिनावर सतत चालतो आणि इंधन खातो, विजेची मोटर गरजेपुरतीच चालते. पण मोटर आली की तिच्या दात्यांचे घर्षण आणि तिला चालवणारे सॉफ्टवेअर मध्ये येते, आणि हाताला काय लागू द्यायचे हे रस्त्याऐवजी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस ठरवू लागतो. त्याने नीट ठरवले तर विजेचे स्टिअरिंगही छान बोलते, हे पोर्शने पुढच्या वर्षांत दाखवून दिले. मॅक्लारेनने मात्र तेलाच्या दाबाचे स्टिअरिंग सोडले नाही, आणि १२सीच्या स्टिअरिंगविषयी तक्रार फारशी नव्हतीच. म्हणून केवळ स्टिअरिंग चांगले असल्याने काम भागते असेही म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट वेगाच्या उंबरठ्याची, आणि आपल्या त्या दोन तासांचे खरे उत्तर मला इथे दिसते. सहाशे अश्वशक्तीची गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ताशी १०० किलोमीटर ओलांडते, आणि जर्मनीतल्या गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर मर्यादाच १०० ची आहे. रुंद टायर, ताठ सांगाडा आणि संगणकाने सांभाळलेली पकड यांमुळे त्या वेगात तिला काहीच करावे लागत नाही. तिचे जे काही बोलणे आहे ते तिच्या मर्यादेजवळ सुरू होते, आणि ती मर्यादा सार्वजनिक रस्त्यावर गाठणे बेकायदा तर आहेच, पण जिवावर बेतणारेही आहे. आपल्या वडिलांची हॅचबॅक ताम्हिणीत ताशी ४० वरच बोलू लागते : चढावर गिअर उतरवावा लागतो, वळणाआधी ब्रेक कधी सोडायचा हे ठरवावे लागते, वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाताना बसल्या जागी कळते. त्या घाटात आपण गाडी चालवत होतात. जर्मनीत गाडी आपल्याला नेत होती.

तिसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. पोर्शने २०१३ साली ९११ जीटी३ फक्त ड्युअल-क्लच गिअरबॉक्ससह आणली, कारण घड्याळाच्या हिशेबात तोच सरस. २०१६ साली मात्र कंपनीने ९११ आर नावाची गाडी केवळ हाताच्या सहा गिअरांसह काढली, तीही अवघ्या ९९१ नगांची, आणि ते हातोहात गेले. २०१७ च्या जीटी३ मध्ये हाताचा गिअर पुन्हा मिळू लागला. कंपनीच्याच आकड्यांनुसार शून्यापासून १०० पर्यंत जायला ड्युअल-क्लचवाल्या गाडीला ३.४ सेकंद लागतात आणि हाताच्या गिअरवाल्या गाडीला ३.९ सेकंद. अर्धा सेकंद मागे पडणारी गाडी जाणकार माणसे समजून-उमजून मागतात, याचा अर्थ त्यांना त्या अर्ध्या सेकंदापेक्षा अधिक मोलाचे काहीतरी मिळते : क्लच, गिअर आणि अ‍ॅक्सिलरेटर यांचा मेळ स्वतःच्या हातापायांनी घातल्याचे समाधान. ड्युअल-क्लचमध्ये गिअर चुकतच नाही, म्हणून तो बरोबर पडल्याचा आनंदही नाही.

या सगळ्यावरून ‘तंत्रज्ञान वाढले की मजा गेली’ असा निष्कर्ष कोणी काढला तर मी त्याला ठाम विरोध करीन. माझदाची एमएक्स-५ ही १९८९ साली आलेली छोटी, उघड्या टपाची गाडी पाहा. घोडा आणि स्वार एकरूप व्हावेत, या अर्थाची जपानी संकल्पना डोळ्यांसमोर ठेवून ती रचली गेली, आणि ती संकल्पना जाहिरातीपुरती नव्हती. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा भाग) यांना अ‍ॅल्युमिनियमच्या एका लांब चौकटीने जोडले, जेणेकरून अ‍ॅक्सिलरेटर दाबताच मधली ढिलाई न जाणवता मागची चाके उत्तर देतील. गिअरचा दांडा आखूड हालचालीचा केला. एक्झॉस्टचा आवाज मुद्दाम घडवला. ११५-१२० अश्वशक्तीच्या त्या गाडीत चालकाचा आनंद हे अभियांत्रिकीचे उद्दिष्ट म्हणून लिहिलेले होते आणि त्याची पूर्तता तितक्याच काटेकोरपणे केली होती. २०१६ साली तिची संख्या दहा लाखांवर गेली. म्हणून आपल्या व्यवसायातल्या सर्वांना माझी विनंती आहे की, कोणता कंप काढायचा हे ठरवताना तो कंप चालकाला काही सांगतो आहे का, हा रकाना तक्त्यात वाढवावा.

प्रश्न : जुन्या गाड्यांचे चाहते त्यांच्या दोषांनाच ‘स्वभाव’ म्हणून मिरवतात असे मला वाटते. जी गाडी वेळेवर सुरू होत नाही, तिला व्यक्तिमत्त्व कसले? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपला आक्षेप मला बहुतांशी मान्य आहे. इंजिन तापणे, पाणी गळणे, गिअर अडकणे यांत स्वभाव नाही. दोष आणि स्वभाव ओळखण्याची माझी रीत अशी : ती खोड काढून टाकली तर मागे काय उरते ते पाहावे.

पोर्शची ९११ वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून फिरत असे, कारण इंजिनाचे सगळे ओझे मागच्या चाकांच्याही मागे. हा दोषच होता आणि त्याने अपघात घडवले. त्या गाडीची जागा घेण्यासाठी पोर्शने १९७७ साली ९२८ आणली : इंजिन पुढे, आठ सिलिंडर, आणि मागच्या चाकांची जोडणी अशी की अ‍ॅक्सिलरेटर सोडताच ती किंचित आत वळून गाडीला स्थिर ठेवत. ९११ च्या खोडीवर नेमके औषधच ते. १९७८ साली युरोपातली वर्षातील सर्वोत्तम मोटार म्हणून तिची निवड झाली. तरीही ९११ गेली नाही. १९८१ साली पोर्शची सूत्रे हाती घेतलेले पीटर शुट्झ यांनी, कंपनीचे अभियंते हेल्मुट बॉट यांच्या कार्यालयातल्या, पुढे कोणती गाडी किती वर्षे काढायची हे दाखवणाऱ्या तक्त्यावर त्याच वर्षी थांबणारी ९११ ची रेघ पाहिली आणि मार्कर घेऊन ती तक्त्याबाहेर, भिंतीवर ओढत नेली. ९२८ चे उत्पादन १९९५ मध्ये थांबले. ९११ आजही निघते.

पण ९११ टिकली ती मागून फिरण्यामुळे नव्हे. ती खोड पुढच्या अनेक वर्षांत कंपनीने हळूहळू जवळजवळ काढून टाकली, आणि तरीही हलके नाक, वळणातून निघताना मागच्या चाकांवर बसणारे वजन, आणि ब्रेक-वळण-अ‍ॅक्सिलरेटर हा क्रम पाळायला लावणारी तिची शिस्त उरली. जे उरले तो स्वभाव.

याच्या उलट, निर्दोष म्हणून जिच्यावर अन्याय झाला अशी गाडी म्हणजे १९९० ची होंडा एनएसएक्स. संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, ८००० फेऱ्यांपर्यंत जाणारे तीन लिटरचे इंजिन, त्यात टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड. फॉर्म्युला वन शर्यतींचा विजेता चालक आयर्टन सेना याने ती घडत असताना चालवली आणि सांगाडा अधिक ताठ हवा असे सांगितले, ते होंडाने ऐकले. ती रोज चालत असे, गर्दीत त्रास देत नसे, तिच्यातून बाहेरचे स्वच्छ दिसे, आणि एवढ्यावरून पुष्कळांनी तिला थंड, दवाखान्यासारखी ठरवली. मॅक्लारेन एफ१ ही रस्त्यावर चालवायची स्पोर्ट्स कार रचणारे गॉर्डन मरे यांनी मात्र आपल्या गाडीच्या चालीसाठी तिलाच मापदंड मानले आणि स्वतः ती अनेक वर्षे वापरली. सुरुवातीच्या हाताच्या गिअरच्या एनएसएक्समध्ये पॉवर स्टिअरिंगही नव्हते, म्हणजे रस्ता आणि हात यांच्यामध्ये कोणी नव्हते. सोयीची आहे म्हणून ती नीरस, हे म्हणणे माझ्या मते साफ चुकीचे होते.

प्रश्न : विजेच्या स्पोर्ट्स कारमध्ये आता खोटे गिअर आणि खोटा आवाज देतात. हा स्वभाव म्हणायचा का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : २०२३ साली आलेल्या ह्युंदाई आयोनिक ५ एन या गाडीत आठ गिअरांचा आभास निर्माण करणारी व्यवस्था आहे, गिअर बदलताना झटका बसतो आणि फेऱ्या संपल्या की जोर अडतो, जरी प्रत्यक्षात गिअरबॉक्स नाही. तिची चेष्टा करण्याचा मोह मला होत नाही. विजेच्या मोटरचा जोर इतका सलग असतो की वळणाआधी आपला वेग किती आहे हे कानाला आणि पाठीला कळत नाही. या व्यवस्थेमुळे ते कळते, म्हणजे ती चालकाला कामाची खबर देते. खबर कृत्रिम मार्गाने येते हे खरे, पण विजेच्या स्टिअरिंगमधला ताणही काही अंशी आता तसाच येतो. माझी हरकत वजनाला आहे. दोन टनांहून जड गाडी वळणात शिरताना जे जडपण जाणवते, ते कोणत्याही आवाजाने झाकत नाही. आणि एमएक्स-५ अजूनही साधारण एक टनाच्या आसपास आहे.