जाड राफ्ट ओतण्याआधी तापमानाचं बघ

हिंजवडीच्या साइटवर दोन मीटर जाडीचा राफ्ट (इमारतीच्या पायाचा सलग काँक्रीटचा स्लॅब) ओतायचा म्हणतोस, तर सगळ्यात आधी सिमेंट कमी कर. काँक्रीट घट्ट होतानाची उष्णता मुळात तिथूनच येते. फ्लाय अ‍ॅश (वीजकेंद्रातली कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली दळलेली मळी) सिमेंटऐवजी भरपूर घे; त्यांनी ताकद सावकाश येते, म्हणून स्ट्रेंग्थ २८ ऐवजी ५६ दिवसांची धरता येईल का, हे डिझायनरला विचार.

एप्रिल-मेमध्ये दुपारी पुण्यात खडीला हात लावून बघ, चटका बसतो. प्लांटवर खडी सावलीत ठेवायला लाव, मिक्सच्या काही पाण्याऐवजी बर्फाचा चुरा घालायला सांग, ओतकाम रात्री घे.

थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) राफ्टच्या मधोमध आणि वरच्या पृष्ठाखाली ५० मिमीवर हवेतच. गाभा ७० अंशांच्या वर जाऊ देऊ नकोस. गाभा आणि पृष्ठ यांतला फरक २० अंशांच्या आत ठेव. फरक वाढला की मुकादम गार पाणी मारायला धावतो. त्याला तिथेच थांबव! वरचा थर आकसतो, आतला फुगलेलाच असतो आणि तडा जातो. उलट प्लास्टिक अंथरून त्यावर थर्माकोल घाल, पृष्ठ उबदार राहू दे. हे आवरण काढतानाही घाई नको, वळवाची सर आली तर मुळीच नको. गाभा आणि बाहेरची हवा यांतला फरक २० अंशांच्या आत आला की मगच काढ.