कच्चं चिकन धुवावं का, हाडाजवळची लाली आणि रात्रभर बाहेर राहिलेलं पातेलं

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: कच्चं चिकन नळाखाली धुवावं का, नीट शिजवूनही हाडाजवळ लालसर दिसलेलं मांस खाण्याजोगं होतं का, आणि रात्रभर ओट्यावर राहिलेलं चिकन सकाळी खळखळून उकळलं तर चालेल का. पहिल्याचं उत्तर ‘नाही’, दुसऱ्याचं ‘बहुतेक हो’, आणि तिसऱ्याचं ठामपणे ‘नाही’.

धुण्यावर बरेच जण नाराज होतात, म्हणून कारण सांगतो. कच्च्या चिकनवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. ते मांसाला घट्ट चिकटलेले असतात, पाण्याने पुरते निघत नाहीत. उलट नळाची धार मांसावर आपटली की बारीक थेंब सिंकच्या कडांवर, ओट्यावर आणि शेजारी निथळत ठेवलेल्या ताटवाट्यांवर उडतात. चिकन पुढे आचेवर जाणारच आहे, त्यावरचे जंतू तिथे मरतील. ताटं मात्र आचेवर जात नाहीत. कॅम्पिलोबॅक्टरचे काही शे जंतू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो, आणि तेवढे एका थेंबात सहज मावतात. लिंबू, व्हिनेगर किंवा मीठ चोळल्यानेही ते मरतील याचा भरवसा नाही. रक्त किंवा हाडाचा चुरा दिसला तर कागदी रुमालाने टिपून तो टाकून द्या. धुतल्याशिवाय मन मानतच नसेल, तर आजूबाजूची भांडी आधी हलवा, पातेल्यात पाणी घेऊन त्यात चिकन अलगद बुडवा आणि नंतर सिंक साबणाने घासून जंतुनाशकाने पुसा.

माझ्या मते घरोघरी खरी ढिलाई होते ती चिकन पातेल्यात पडण्याआधीच्या दहा मिनिटांत. शिजलं की नाही हे सगळे बघतात. पण त्याच हाताने मसाल्याच्या डबीचं झाकण, फ्रिजचा दांडा, नळ आणि फोनला हात लागतो, त्याकडे कोणी बघत नाही. मसाले आधीच वाटीत काढून ठेवा. कच्ची खायची भाजी आधी चिरा, चिकन शेवटी. विळी, सुरी, पाट लगेच गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, हात २० सेकंद साबण लावून. ओट्यावर सांडलेलं चिकनचं पाणी नेहमीच्या फडक्याने पुसू नका, नाहीतर ते फडकंच सगळीकडे फिरतं. कच्चं चिकन ज्यात मुरत ठेवलं होतं तो मसाला वरून ओतायचा असेल तर आधी चांगला उकळून घ्या.

फ्रिजमध्ये कच्चं चिकन सगळ्यात खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात झाकून ठेवायचं, म्हणजे गळलं तरी दुसऱ्या अन्नावर गळणार नाही. ४ अंश सेल्सियसला ते एक-दोन दिवस राहतं. त्याहून उशीर होणार असेल तर फ्रीझर. पण उणे १८ अंशांत जंतू वाढत नाहीत एवढंच, ते मरतात असं समजू नका. गोठलेलं चिकन ओट्यावर वितळवू नका, कारण आत बर्फ असतानाच बाहेरचा थर कोमट होतो आणि तिथे जंतू वाढायला लागतात. आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढा. घाई असेल तर पिशवीचं तोंड पक्कं बंद करून थंड पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला आणि वितळल्यावर लगेच शिजवा.

आता हाडाजवळची लाली. कोवळ्या कोंबडीची हाडं सच्छिद्र असतात, त्यांच्या आतल्या मज्जेतला रंग शिजताना बाहेर झिरपतो. गोठवलेल्या चिकनमध्ये हे जास्त दिसतं. त्यामुळे नुसता लाल रंग म्हणजे कच्चं असं नाही. हे उलटंही खरं आहे: पांढरं दिसणारं मांस आतून पुरेसं तापलेलं नसू शकतं. म्हणून स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्याच. सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायचा. तिथे ७४ अंश आले की झालं. खिम्यालाही हाच आकडा. अख्ख्या तुकड्यावर वरवर असलेले जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिम्याच्या कबाबात किंवा वड्यात मधोमध तपासा.

राहिलं पातेलं. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर एका तासात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूचे बीजाणू (उष्णतेला दाद न देणारं त्याचं कवचबंद रूप) पहिल्या शिजवण्यातून वाचतात आणि मोठं पातेलं हळूहळू निवताना वाढतात. स्टॅफिलोकॉकसचे जंतू तुमच्या उकळण्याने मरतील, पण त्यांनी अन्नात सोडलेलं विष उकळूनही टिकतं. वास चांगला येतोय यावर जाऊ नका, ते चिकन टाकून द्या. पुढच्या वेळी पसरट, उथळ डब्यांत वाटून ठेवा म्हणजे लवकर गार होईल. तीन-चार दिवसांत संपवा आणि खाताना पुन्हा ७४ अंशांपर्यंत गरम करा.

घरात कोणी ते आधीच खाल्लं असेल तर: उलट्या काही तासांतच सुरू होऊ शकतात, पोटात मुरडा आणि जुलाब साधारण ६ ते २४ तासांत. जुलाबात रक्त, जास्त ताप किंवा लघवी कमी होणं यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर एवढीही वाट बघू नका, त्रास सुरू झाला की लगेच दाखवा.