मेंदूचा फोटो काढून काय कळणार?

प्रिय ताई,

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे डॉक्टरांनी बजावूनही रात्री सगळे झोपल्यावर ओट्यापाशी उभ्या उभ्या बर्फीचा डबा रिकामा होतो, यजमान 'तुझा मनावर ताबाच नाही' म्हणून टोचतात, आणि संयम नसलेल्यांचा मेंदूच वेगळा असतो असे वाचल्यापासून एमआरआय करून घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

करून घेऊ नका. तुम्ही वाचलेले संशोधन बहुधा अमेरिकेतील कॅलटेक संस्थेतल्या टॉड हेअर, कॉलिन कॅमरर आणि अँटोनियो रँगेल यांचे, 2009 सालचे असावे. डाएट करणाऱ्या लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून त्यांनी खाद्यपदार्थांची चित्रे दाखवली, चव आणि आरोग्य यांसाठी वेगवेगळे गुण द्यायला सांगितले आणि मग निवड करायला लावली. कपाळामागच्या ज्या भागात पदार्थाची 'किंमत' ठरते, तिथे संयमी लोकांच्या हिशेबात चवीबरोबर आरोग्यही धरले जात होते आणि त्याच वेळी मेंदूच्या पुढच्या बाजूचा आणखी एक भाग अधिक सक्रिय दिसत होता. मात्र हा फरक दोन गटांच्या सरासरीतला आहे. एकट्या तुमचे स्कॅन पाहून तुम्हाला संयम आहे की नाही, हे कोणताही रेडिओलॉजिस्ट सांगू शकणार नाही.

यजमानांना पुढचे अवश्य वाचून दाखवा. 2011 साली हेअर आणि रँगेल यांनीच डाएटवर नसलेल्या लोकांना निवडीआधी 'आरोग्याचा विचार करा' एवढीच सूचना दिली, तर त्यांची निवड सुधारली आणि मेंदूतही बऱ्याच अंशी तसेच बदल दिसले. लक्ष कुठे वळते यावर इतके अवलंबून असेल, तर तुमच्या मेंदूत जन्मजात खोट आहे असे मानायला आधार उरत नाही.

अर्थात दिवसभर राबल्यावर मध्यरात्री स्वतःला सूचना देत बसणे अवघडच. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जर्मनीतील 205 प्रौढांना आठवडाभर, दिवसातून अनेकदा, आत्ता कसली इच्छा होते आहे असे विचारले गेले. ज्यांचा संयम मोठा, त्यांना मोहाशी झगडण्याची वेळच कमी येत असल्याचे त्यात आढळले. तुमच्या घरी दर शनिवारी अर्धा किलो बर्फी यजमानच आणतात, असे तुम्ही लिहिले आहे. मनावरच्या ताब्याचे प्रवचन करणाऱ्यानेच डबा भरावा, हे मला तरी पटत नाही. मुलांसाठी हवीच असेल तर माणशी एक वडी आणावी आणि ती त्याच संध्याकाळी संपवावी.

आणखी एक. सकाळच्या पोळीभाजीनंतर रात्रीपर्यंत तुमच्या पोटात चहाखेरीज काही जात नाही, असे पत्रावरून दिसते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे आवर्जून सांगा; मध्यरात्रीची ती ओढ साधी भूकच असू शकते.