जर्मनीत मित्रासोबत फ्लॅट घेतोयस ना, मग आधी करार बघ

तू लिहिलंयस की स्टुटगार्टला नोकरी लागलीय, कॉलेजच्या मित्रासोबत फ्लॅट घेणार, करारावर दोघांची नावं, आणि त्याने मधेच भाडं द्यायचं थांबवलं तर काय? ब्लू कार्ड (नोकरीवाल्यांचा राहण्याचा परवाना), आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) वगैरे सगळीकडे लिहिलेलं आहे, ते सोडतो. भाड्याचं मात्र मला सांगायलाच हवं.

दोघांच्या सह्या म्हणजे निम्मं-निम्मं असं मालक धरत नाही, तो अख्खं भाडं तुझ्या एकट्याकडून मागू शकतो. दोन महिन्यांचं थकलं तर मुदत न देता करार तोडू शकतो, आणि तोही दोघांचा. बरं, एकट्याने बाहेर पडावं म्हटलं तर नोटिशीवर दोघांच्या सह्या लागतात, कागदावर, पेनाने, ईमेल चालत नाही. म्हणजे जो भाडं देत नाहीये त्याच्याच खोलीचं दार वाजवत बसायचं, सही दे रे बाबा म्हणून. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं, तेही अडकून.

माझ्या रूममेटची नोकरी प्रोबेशनमधेच गेली. मग तो मी ऑफिसला गेल्यावरच किचनमधे यायला लागला, आणि मी पूर्ण भाडं भरत राहिलो, कारण पुढचं घर बघताना जुन्या मालकाचं 'थकबाकी नाही' असं पत्र मागतात. त्याची आई दर पार्सलमधे माझ्यासाठीपण गोडा मसाला पाठवायची. सांग, कुठल्या तोंडाने मागायचे पैसे?

एकटेपणाचं विचारलंस, तो रविवारी दुकानं बंद असली की येतो आणि सोमवारी जातो, त्याचं एवढं काही नाही.

जमलं तर मालकाकडून खोलीगणिक वेगळे करार घे. नाहीतर तू मुख्य भाडेकरू हो आणि मालकाच्या परवानगीने मित्राला पोटभाडेकरू ठेव. मालकाला भाडं तूच देणं लागतोस, पण निदान नोटीस तुझ्या हातात राहते, तू तिथेच राहत असशील आणि त्याची खोली फर्निचरसकट दिली असेल तर १५ तारखेपर्यंत दिलेली नोटीस महिनाअखेरीला लागू होते.

पैसे वसूल करायला मानबेशाइड म्हणून कोर्टाचा पैसे भरण्याचा आदेश असतो, त्याचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, वकील लागत नाही. पैसे थकले त्या वर्षाच्या अखेरीपासून तीन वर्षं मुदत. माझी या ३१ डिसेंबरला संपतेय, अर्ज भरून ठेवलाय, पाठवलेला नाही. परवा व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या लग्नाची पत्रिका आली, मी अंगठा टाकला आणि मग रात्री दोनपर्यंत त्याचे जुने मेसेज वाचत बसलो, पैशांचे नाही, बाकीचेच.

सही करायच्या आधी कराराची पीडीएफ मला पाठव, बघून देतो.