वाचकांचे प्रश्न : घरातलं मशीन, दूरचे डॉक्टर

आईसाठी मोबाइलला जोडणारं बीपीचं मशीन घेतलं. दवाखान्यात वरचा आकडा 132 येतो, घरी मात्र 150 च्या आसपास. डॉक्टर लांब असल्यामुळे ते या नोंदींवरूनच गोळ्या ठरवणार आहेत. खरा आकडा कोणता धरायचा?

आधी मशीनवर नाही, पट्ट्यावर संशय घ्या. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर टेप लावून आईंच्या दंडाचा घेर मोजा. पुष्कळ मशीनसोबत 22 ते 32 सेंटिमीटर घेरासाठीचा पट्टा येतो. घेर 36 भरला, तर तो पट्टा अपुरा पडतो आणि आकडा चढा दिसतो. दंड फारच जाड असेल, तर हा फरक वीस पॉइंटच्या घरातही जातो. मोठा पट्टा वेगळा मिळतो, पण तो त्याच मॉडेलचा हवा.

मग बसणं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. लघवी करून यायचं आणि पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीत येईल. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबला, तरी आकडा सात-आठ पॉइंट वाढतो. मशीन चालू असताना फोनवर बोलणं हीसुद्धा नेहमीची चूक.

सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजा, दोन मोजण्यांत एक मिनिट जाऊ द्या. असं सात दिवस करायचं. पहिला दिवस सोडून द्या. उरलेल्या 24 नोंदींची सरासरी हाच डॉक्टरांच्या कामाचा आकडा. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना घरच्या सरासरीसाठी 135/85 ही मर्यादा धरतात, दवाखान्यात 140/90. अमेरिकेत दोन्हीकडे 130/80.

एवढं करूनही घरचा आकडा चढाच राहिला, तर ‘मशीन खोटं’ म्हणून सोडून देऊ नका. दवाखान्यात ठीक आणि घरी चढा असा रक्तदाब खरोखरच असतो. तो केवळ दवाखान्यात मोजून सापडत नाही, आणि तो पकडण्यासाठीच घरच्या नोंदी डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हव्यात. तोवर गोळ्या स्वतःहून वाढवू किंवा कमी करू नका.

मशीनवर आकडा दिसतो, पण डॉक्टरांकडे अधूनमधून काहीच पोहोचत नाही. बिघाड कुठे असेल?

बहुधा फोनमध्ये. मशीन आकडा स्वतःकडे साठवतं आणि अ‍ॅप जागं असेल तेव्हा ब्लूटूथवरून देतं. फोनची बॅटरी बचत मागे चालणारं अ‍ॅप बंद करते, आणि नोंद मशीनमध्येच अडकून पडते. त्या अ‍ॅपपुरती बचत बंद करा, ब्लूटूथची परवानगी दिली आहे का पाहा, आणि मोजून झालं की अ‍ॅप एकदा उघडा. जोडणी पुन्हा करायची असेल, तर फोनच्या सेटिंगमधून जुनी पुसा आणि नवी अ‍ॅपमधूनच करा. मशीन घरातल्या दोन फोनना जोडलेलं असेल, तर नोंद भलत्याच फोनमध्ये जाऊ शकते.

सेल बदलल्यावर होणारा एक घोटाळा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. काही मशीनचं घड्याळ तेव्हा मूळ तारखेवर जातं. नोंद पोहोचते, पण जुन्या तारखेखाली, म्हणून डॉक्टरांना ती दिसत नाही. तसंच एकाच मशीनवर आई आणि वडील दोघे मोजत असतील, तर वापरकर्त्याचं बटण बदलायला विसरू नका. नाहीतर वडिलांचा रक्तदाब आईंच्या फाइलमध्ये जमा होतो. फोनची कटकट झेपत नसेल, तर आत सिमकार्ड असलेलं मशीन घ्या. ते आकडा थेट पाठवतं.

हृदय कमजोर आहे म्हणून वडिलांना मोबाइलला जोडलेला वजनकाटा दिला. वजनाचा हृदयाशी काय संबंध?

चरबीशी नाही, पाण्याशी. हृदय नीट पंप करत नसेल तर अंगात पाणी साठतं, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पायावर सूज दिसेपर्यंत काटा बहुधा आधीच बोललेला असतो. रोज सकाळी, लघवीनंतर, खाण्याआधी, तशाच कपड्यांत वजन करायचं. काटा कडक फरशीवर हवा, सतरंजीवर आकडा चुकतो. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ झाली तर त्याच दिवशी कळवा. दम लागत असेल, तर वजन न बघताच.

दंडावरचा साखरेचा सेन्सर मध्यरात्री ‘साखर कमी’ म्हणून वाजतो. बोटातून पाहिली तर ठीक असते.

त्या कुशीवर झोपत असणार. सेन्सर रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो. अंगाचा भार पडला की तिथला प्रवाह मंदावतो आणि आकडा खोटाच खाली येतो. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर लावा. पहिल्या दिवशी आकडे थोडे बेभरवशाचे असतात, आणि साखर झपाट्याने बदलताना सेन्सर पाच-दहा मिनिटं मागे असतो, तेही ध्यानात असू द्या. गजर मात्र बंद करू नका. हात धुऊन बोटातून तपासा. 70 च्या खाली असेल, किंवा घाम-थरथर असून लगेच तपासता येत नसेल, तर 15 ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा पाहा.

छातीत दुखलं तर मनगटी घड्याळातला ईसीजी डॉक्टरांना पाठवला तर चालेल का?

नाही. अँब्युलन्स बोलवा. घड्याळ 30 सेकंद एकाच बाजूने हृदय पाहतं, दवाखान्यात बारा बाजूंनी पाहतात. अनियमित ठोके पकडायला घड्याळ चांगलं, हार्ट अटॅक त्यात कळत नाही. (दुरून ईसीजी पाहणं नवं नाही. डच शास्त्रज्ञ आइन्थोव्हेन यांनी नेदरलँड्समधल्या लेडनमध्ये 1905 साली दीड किलोमीटरवरच्या इस्पितळातल्या रुग्णाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून प्रयोगशाळेत काढला होता.)

पाठवलेले आकडे खरंच कुणी बघतं का?

हे मशीन घेण्याआधी विचारायला हवं. बऱ्याच ठिकाणी नोंदी एखादी नर्स पाहते, त्याही कामाच्या वेळेत. रात्री दोनचा आकडा सकाळपर्यंत तसाच पडून राहू शकतो. कोण पाहणार, किती वाजेपर्यंत, आणि कोणत्या आकड्याला फोन येणार, हे लेखी घ्या. वरची मर्यादा, खालची मर्यादा आणि रात्रीचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून मशीनच्या पाठीला चिकटवा.